जुन्या जिप्सीचे मागचे ड्रम ब्रेक: नवे शू बसवूनही ब्रेक नीट लागत नाही तेव्हा

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे मागचे ब्रेक शू (ड्रमच्या आतून दाबले जाऊन चाक थांबवणारे अर्धगोल भाग) बदलले आणि त्यानंतर ब्रेक पहिल्यापेक्षा वाईट लागू लागला, ही तक्रार नवी नाही. पेडल खोल जाते, एखादे चाक धरून बसते, घाट उतरताना जळका वास येतो, नाहीतर रिव्हर्स घेताना गाडी किंचाळते. मग दोष नव्या शूंच्या दर्जावर ढकलला जातो, दुसऱ्या कंपनीचा सेट आणला जातो आणि चार दिवसांनी तीच रड पुन्हा सुरू होते. माझा अनुभव असा आहे की शू क्वचितच दोषी असतात. शू बदलताना त्यांच्या आजूबाजूचे जे काही न पाहता तसेच ठेवले गेले, म्हणजे ड्रम (चाकासोबत फिरणारे लोखंडी भांडे), व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा), ॲक्सलचे ऑइल सील, बॅकप्लेट (शू ज्यावर बसतात तो स्थिर पत्रा) आणि हँडब्रेकची केबल, त्यांतच बिघाडाचे मूळ सापडते.

पुढील विवेचन प्रामुख्याने मारुती जिप्सी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. ही गाडी सुझुकीच्या एसजे मालिकेवरून १९८५ मध्ये भारतात आली, १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली, आणि मागच्या चाकांना मात्र शेवटपर्यंत ड्रमच राहिले. माझी गाडी १९९७ सालची असून तिचे आयुष्य कोकणात, म्हणजे जांभ्याची धूळ, पावसाळी चिखल आणि खारी हवा या तिन्हींत गेले आहे. जुन्या महिंद्रा जीपच्या मालकांनाही यातील बहुतेक भाग लागू पडेल. जिथे रचना वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

गाडी उचलण्यापूर्वी

गाडी सपाट आणि कठीण जागेवर उभी करावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर ॲक्सलखाली स्टँड दिल्याशिवाय चाकाला हात लावू नये. हे सगळे जाणतात, पण ठोकळे लावण्याचा कंटाळा फार जण करतात. जुन्या विलीस (मूळ अमेरिकन जीप) पद्धतीच्या काही जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) बसवलेल्या छोट्या ड्रममध्ये असतो. अशा गाडीचे एक मागचे चाक जमिनीवरून उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीमुळे) ते चाक मोकळे फिरू शकते आणि हँडब्रेक कितीही घट्ट ओढलेला असला तरी गाडी उतारावर सरकू शकते. जिप्सीचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच लागतो, परंतु ड्रम काढण्यासाठी तोच सोडावा लागणार असल्याने तिथेही भिस्त ठोकळ्यांवरच असते.

जुन्या लायनरांत (शूवरच्या घासणाऱ्या थरांत) ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असलेले खनिज तंतू, असण्याची शक्यता धरून चालावे. ड्रम उघडल्यावर काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजमधली सवय घातक आहे. ती भुकटी ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलने ब्रेकचे भाग धुऊ नयेत. लायनर तेलकट होतात हे तर आहेच, शिवाय व्हील सिलिंडरमधले रबर खनिज तेलाने फुगते आणि त्याचा त्रास आठवडाभराने सुरू होतो, तेव्हा कारण लक्षात येत नाही.

आणखी एक नियम: एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू जशीच्या तशी असली म्हणजे कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती, ॲडजस्टरची (शू आणि ड्रममधली फट राखणाऱ्या भागाची) पट्टी कोणत्या तोंडाने होती याचा नमुना समोर राहतो. डावी आणि उजवी बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात हे मात्र विसरू नये. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, पण काजळीने माखलेल्या स्प्रिंगचा फोटो ऐनवेळी किती उपयोगी पडतो हे ज्याने त्याने एकदा अनुभवावे.

ड्रम निघत नाही

पाच नट काढून चाक उतरवले की ड्रम हाताने ओढून निघायला हवा, आणि जुन्या गाडीत तो निघत नाही. याची कारणे तीन असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने हातोडा उचलण्यापूर्वी कारण ओळखावे.

ड्रम जागचा अजिबात हलत नसेल, तर तो मधल्या गोलाईत गंजाने ॲक्सलच्या फ्लँजला (चकतीसारख्या टोकाला) चिकटला आहे. गंजाच्या त्या रेषेवर आणि स्टडांच्या (नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) मुळाशी गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबावे. जिप्सीच्या ड्रमच्या तोंडावर ८ मिलिमीटरच्या आट्यांची दोन भोके असतात. ती गंज आणि मातीने बुजल्यामुळे बऱ्याच जणांना दिसतच नाहीत. ती तारेने खरवडून साफ करावीत, त्यांत दोन सारखे बोल्ट घालावेत आणि एकाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा फेरा असे आळीपाळीने आवळत जावे. एक क्षण असा येतो की बंदुकीच्या गोळीसारखा ठक् आवाज होतो आणि ड्रम दोन मिलिमीटर पुढे येतो. एकच बोल्ट आवळत राहिल्यास ड्रम तिरका होऊन अधिकच अडकतो. ठोकायचेच असेल तर स्टडांच्या मधल्या भागावर, लाकूड ठेवून ठोकावे. ड्रमच्या कडेवर हातोडा मारू नये, कारण बीड (ओतीव लोखंड) ठिसूळ असते आणि कडेचा टवका उडाला की ड्रम भंगारात जातो.

ड्रम हलतो, फिरतो, पण थोडा बाहेर येऊन अडकतो, असे असेल तर आतल्या कडेला झिजेमुळे उभा राहिलेला काठ शूंना अडवतो आहे. इथे जोर लावणे म्हणजे शू धरून ठेवणाऱ्या पिना वाकवणे होय. शूच आत घ्यायला हवेत. त्यासाठी प्रथम हँडब्रेकच्या केबलचा नट ढिला करावा. मग बॅकप्लेटच्या मागच्या बाजूचे रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हर आत घालावा आणि शूला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगला वर ढकलावे. तिला टेकलेला हँडब्रेकचा लिव्हर त्यामुळे सुटतो, आणखी मागे जातो आणि दोन्ही शू जवळ येतात. ज्या गाड्यांत दातेरी चाकाचा ॲडजस्टर असतो, त्यांत हेच काम खाचेतून ते चाक उलटे फिरवून होते. ॲडजस्टर ज्या बाजूने फिरवल्यावर चाक हाताला अधिक जड लागते, ती अर्थातच चुकीची बाजू.

तिसरे कारण जीपचे आहे. जुन्या जीपच्या काही मॉडेलांत मागच्या ॲक्सलचे टोक निमुळते असून त्यावर हब आणि ड्रम घट्ट बसलेले असतात. तिथे पुलरशिवाय (ड्रम ओढून काढण्याच्या हत्याराशिवाय) गत्यंतर नाही, आणि पुलर लावताना ॲक्सलचा मोठा नट पूर्ण काढू नये, चार आटे सोडून तसाच ठेवावा. नाहीतर सुटलेला ड्रम पुलरसकट अंगावर येतो.

ड्रम उघडल्यावर आधी पाहावे, मग खोलावे

या टप्प्यावर घाई झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. जुने शू म्हणजे गेल्या दोन-चार वर्षांची ब्रेकची नोंदवही असते; ती वाचल्याशिवाय फेकू नये.

पहिली गोष्ट ओल. शू, बॅकप्लेट किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओलसर काळा थर असेल तर तो कशाचा आहे हे बोटाने आणि नाकाने ओळखावे. ब्रेक ऑइल पातळ असते, पाण्याने धुतले जाते आणि जिथे लागते तिथला रंग सोलते. डिफरन्शियलचे तेल घट्ट, चिकट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, जो हाताला दोन दिवस राहतो. पहिले असेल तर व्हील सिलिंडर गळतो आहे. दुसरे असेल तर ॲक्सलचे ऑइल सील गेले आहे. या दोन्हींपैकी काहीही दुरुस्त न करता नवे शू बसवणे म्हणजे नवे शू तेलात बुडवणे. तेल प्यालेला लायनर पेटवून किंवा पॉलिश पेपरने घासून साफ होतो असे सांगणारे मिस्त्री भेटतात. तो वरून कोरडा दिसतो, आणि ड्रम तापला की आतले तेल पुन्हा वर येते.

ऑइल सील गेलेले आढळले तर नवे बसवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी, जी फार कमी जण तपासतात. ॲक्सलच्या नळीवर हवा खेळती ठेवणारा एक छोटा ब्रीदर असतो. चिखलाने तो बुजला की तेल तापून आत दाब वाढतो आणि तो दाब सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे सीलमधून, तेल बाहेर ढकलतो. ओढ्यात घातलेल्या गाडीत याच्या उलटही घडते: गरम ॲक्सल पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढले जाते. डिफरन्शियलचे तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर हे घडले आहे असे समजावे. माझ्या गाडीत एकाच बाजूचे सील दीड वर्षात तीनदा बदलले गेले. तिसऱ्या वेळी ब्रीदर काढला तेव्हा त्यात कुंभारीण माशीने घर बांधून ठेवले होते, मातीचे, नीट लिंपलेले. तो धुऊन साफ केल्यानंतर ते सील आजतागायत टिकले आहे. डिफरन्शियलमध्ये तेल प्रमाणाबाहेर भरल्यानेही सील गळते. पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच असावी.

दुसरी गोष्ट झीज. पुढचा शू, म्हणजे ड्रमच्या फिरण्याच्या दिशेत ओढला जाणारा, मागच्यापेक्षा थोडा अधिक झिजणे स्वाभाविक आहे. पण डाव्या चाकाचे शू जवळजवळ नवे आणि उजव्याचे पत्र्यापर्यंत गेलेले असतील, तर डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर जाम आहे किंवा उजव्या बाजूचे शू मागे येत नाहीत. एकच शू एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल, तर तो बॅकप्लेटवर तिरका उभा राहतो आहे.

तिसरी गोष्ट बॅकप्लेटवरची टेकणी. शूची कड ज्या उंचवट्यांवर सरकते ते सहा छोटे ठिकाण साफ करून त्यांवरून नख फिरवावे. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे. शू त्या खाचेत अडकतो, पेडल दाबल्यावर उशिरा सुटतो आणि झटक्याने लागतो. ब्रेक एकदम धरणे आणि टकटक आवाज येणे या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेकदा याच नखभर खाचेत असते. खाच उथळ असेल तर कानशीने सपाट करावी, खोल असेल तर वेल्डिंगने भरून घासून घ्यावी. नंतर उच्च तापमानाचे ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे, प्रत्येक टेकणीवर लावावे. साधे चेसिस ग्रीस वितळून लायनरवर उतरते.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट बोटाने उचलून पाहावेत. आत किंचित ओल असणे आणि थेंब ओघळणे यांत फरक आहे, पण वीस वर्षांच्या गाडीत त्या फरकावर चर्चा न करता सिलिंडर बदलावा किंवा निदान नवे रबर किट टाकावे, असे माझे मत आहे. जुन्या झिजलेल्या शूंमुळे सिलिंडरचे पिस्टन बाहेरच्या भागात चालत आलेले असतात. नवे जाड शू लावले की ते आतल्या भागात ढकलले जातात, जिथे वर्षानुवर्षे गंज साचलेला असतो, आणि त्या गंजावर रबर घासून महिन्याभरात गळती सुरू होते. नव्या शूंनंतर सिलिंडर गळतो याचे कारण एवढेच आहे. किट टाकायचे असेल तर सिलिंडर आतून आरशासारखा असला पाहिजे. बारीक खड्डे दिसले तर किटचा उपयोग नाही. पिस्टनवरच्या रबरी कपाची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला, म्हणजे आत, आणि वंगण म्हणून फक्त ताजे ब्रेक ऑइल वापरावे. ड्रम उघडा असताना कोणीही पेडल दाबू नये, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे, कारण पिस्टन बाहेर उडतो.

शेवटी ड्रम. जिप्सीचा मूळ व्यास २२० मिलिमीटर आणि मर्यादा २२२ मिलिमीटर आहे; ड्रमवर कोरलेला आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. खोल चरे, निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लक्ष द्यावे. चरे लेथवर टर्निंग करून जातात, तडे गेलेला ड्रम टाकूनच द्यावा. टर्निंग केल्यास दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच मापाला आणावेत, नाहीतर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते.

शू बसवताना होणाऱ्या चुका

हँडब्रेकचा लिव्हर जुन्या शूवरून काढून नव्या शूवर लावावा लागतो. त्याच्या पिनेखालचा लहरी वायसर आणि वरची क्लिप जमिनीवर पडून हरवतात. वायसरऐवजी तार गुंडाळलेली मी पाहिली आहे. लिव्हर नव्या शूवर सहज हलतो का, हे बसवण्यापूर्वीच हाताने पाहावे.

काही संचांत दोन शूंचे लायनर कमी-जास्त लांबीचे असतात. असा संच असेल तर चारही शू जमिनीवर मांडून जोड्या लावूनच काम सुरू करावे. दोन्ही लांब लायनर एका चाकाला आणि दोन्ही आखूड दुसऱ्याला, ही चूक ऐकायला हास्यास्पद वाटते, पण संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात काम करणाऱ्याकडून ती होते. ॲडजस्टरचेही तसेच. डाव्या-उजव्या बाजूचे ॲडजस्टर अदलाबदल झाले तर शू ड्रमच्या जवळ जाण्याऐवजी त्यापासून दूर जातात, किंवा मुळीच सरकत नाहीत, आणि प्रत्येक दिवशी पेडल थोडे थोडे खोल जाऊ लागते.

परतीच्या स्प्रिंगा स्वस्त आहेत. जुन्या वापरू नयेत. तापून रंग उडालेली किंवा वेटोळ्यांत फट दिसणारी स्प्रिंग ताण हरवून बसलेली असते आणि तिच्या ताब्यातला शू ड्रमला चाटत राहतो.

सगळे बसल्यावर ड्रम चढत नसेल तर ठोकू नये. हँडब्रेकची केबल अजून ताणलेली आहे, ॲडजस्टर शेवटपर्यंत मिटलेला नाही, शू पिस्टनच्या खाचेत नीट बसलेला नाही, किंवा नव्या संचाचे लायनर जाड आहेत, यांपैकी काहीतरी आहे. हीच तपासणी त्या क्रमाने करावी. टर्निंग केलेल्या ड्रमची गोष्ट उलटी: ड्रम सहज चढतो, पण त्याची गोलाई शूच्या गोलाईपेक्षा मोठी झालेली असल्याने शू फक्त मध्यभागी टेकतो. हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे शाळेतला खडू. लायनरवर खडूची पूड घासावी, ड्रम चढवावा, हँडब्रेक हलका ओढून ड्रम हाताने दोन फेरे फिरवावा आणि पुन्हा काढून पाहावे. खडू जिथे पुसला गेला तिथे संपर्क आहे. मधल्या तीन-चार बोटांच्या पट्ट्यावरच खडू गेला असेल, तर ब्रेक सध्या तेवढ्याच भागावर लागणार. टोकांवरच गेला असेल तर तो ब्रेक धरणार, किंचाळणार. अशा वेळी लायनरची टोके कानशीने उतरती करावीत.

आधी शू, मग केबल

पेडल खोल जाते ही तक्रार हँडब्रेकच्या केबलपाशी सुरू होते, हे सांगितले तर पटत नाही. रचना अशी आहे की हँडब्रेकचा लिव्हर पूर्ण मागे आलेला असेल तरच स्वयंचलित ॲडजस्टरला शू आणि ड्रममधली फट ओळखता येते. केबल अगोदरच ताणलेली असेल तर लिव्हर अर्धवट पुढे राहतो, ॲडजस्टरची पट्टी सैल पडते आणि फट कधीच भरून निघत नाही. हँडब्रेक मात्र छान लागतो, त्यामुळे संशयही येत नाही. मी स्वतः हीच चूक केली होती. नवे शू बसवले, हँडब्रेक सैल वाटला म्हणून केबल आवळली आणि कुंभार्ली घाट उतरताना प्रत्येक वळणावर पेडल दोनदा मारत खाली आलो. घरी येऊन केबल सोडली, पेडल पाच-सहा वेळा जोराने दाबले, तेव्हा ड्रममधून ॲडजस्टरचे खटके स्पष्ट ऐकू आले आणि पेडल दोन बोटे वर आले.

म्हणून क्रम असा ठेवावा: केबल पूर्ण सैल, दोन्ही ड्रम चढलेले, पेडल वारंवार जोराने दाबून शू जागेवर आलेले, चाक हाताने फिरवल्यावर किंचित चाटण्याचा आवाज पण अडथळा नाही, आणि त्यानंतरच केबल आवळणे. चाक फिरवून पाहताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि ट्रान्सफरचा लिव्हर टू-व्हीलवर असावा, अन्यथा प्रोपेलर शाफ्ट आणि पुढच्या ॲक्सलचे जडपण ब्रेकच्या खात्यात जमा होते. जुन्या विलीस पद्धतीच्या जीपमध्ये स्वयंचलित ॲडजस्टर नसून प्रत्येक शूला एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या कण्याचा, बोल्ट असतो; तो चाक धरेपर्यंत फिरवून मग मोकळे होईल इतपतच मागे घ्यायचा असतो, आणि हे काम दर काही महिन्यांनी करावेच लागते.

हवा काढणे आणि पेडलची भाषा

सिलिंडर उघडला असेल तर हवा काढणे आले. नवे, बंद डब्यातले डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ऑइल घ्यावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरड्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणच्या पावसाळ्यात वर्षभर अर्धवट उघडा राहिलेला डबा घाटासाठी वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या, दाब निर्माण करणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) लांबच्या चाकापासून सुरुवात करावी, मात्र काही गाड्यांत मागच्या ॲक्सलवर भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला स्वतंत्र निपल (हवा काढण्याचा स्क्रू) असतो. तो विसरल्यास हवा राहतेच.

निपल उघडून साथीदाराला पेडल दाबायला सांगताना ते तळापर्यंत जाऊ देऊ नये. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोज जितका प्रवास होतो त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो आणि तिथे रबर एकदा घासले गेले की संध्याकाळपर्यंत मास्टर सिलिंडर बदलण्याची पाळी येते. पुन्हा तेच तत्त्व: नवे शू आले की जुने भाग सवय नसलेल्या जागी जातात.

काम झाल्यावर पेडल काय सांगते ते ओळखावे. पहिल्यांदा खोल जाते, दुसऱ्यांदा वर येते आणि कडक लागते, तर शू आणि ड्रममध्ये फट जास्त आहे. वर येते पण गादीसारखे मऊ लागते, तर हवा आहे. कडक लागते पण पाय तसाच ठेवल्यावर हळूहळू खाली सरकते आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे. मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी होज योग्य क्लॅम्पने दाबून बंद केल्यावर पेडल एकदम कडक झाले, तर दोष मागच्या चाकांत आहे, पुढे शोधण्याची गरज नाही. पक्कडीने होज दाबू नये. त्याने नवा बिघाड तयार होतो.

चाक धरते, ड्रम तापतो

दहा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न वापरता थांबून, ड्रमच्या जवळ हात न्यावा. ड्रमला थेट हात लावू नये. दोन्ही बाजू सारख्या कोमट असतील तर ठीक. एकच बाजू भाजत असेल तर त्या बाजूचा पिस्टन जाम, स्प्रिंग सैल, टेकणीवरची खाच किंवा गंजलेली हँडब्रेक केबल. केबल सोडल्यावर लिव्हर मागे येतो का हे गाडीखाली जाऊन डोळ्यांनी पाहावे. खाऱ्या हवेत केबल आवरणाच्या आत गंजते आणि ओढल्यावर जाते पण सोडल्यावर परत येत नाही.

दोन्ही चाके धरत असतील तर शूंना दोष देणे थांबवावे. गाडी उचलून धरलेल्या स्थितीत एका चाकाचा निपल क्षणभर उघडावा. ऑइल दाबाने उसळले आणि चाके मोकळी झाली तर दाब कुठेतरी अडकून राहतो आहे. मग चेसिसपासून ॲक्सलकडे येणाऱ्या रबरी होजवर लक्ष द्यावे: तो आतून फुगला की जोराच्या दाबाने ऑइल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. बाहेरून तो होज नवा दिसतो, म्हणूनच त्याच्यावर संशय शेवटी जातो. होज चांगला असेल आणि काही वेळा ब्रेक लावल्यानंतर पेडल अधिकाधिक कडक होत जात असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळीक उरलेली नाही किंवा ऑइल परत जाण्याचे बारीक भोक बुजले आहे.

निपल उघडूनही चाक तसेच जड राहिले तर दोष यांत्रिक आहे, म्हणजे केबल, स्प्रिंग, टेकणी किंवा प्रमाणापेक्षा पुढे गेलेला ॲडजस्टर.

पहिले दोनशे किलोमीटर

नवे शू ड्रमशी जुळेपर्यंत ब्रेक थोडा कमी लागणे अपेक्षित आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगातून, पूर्ण न थांबता, हलक्या दाबाने वेग कमी करावा, मध्ये ड्रम थंड होऊ द्यावा आणि हे तीस-चाळीस वेळा करावे. पहिल्याच दिवशी गाडी भरून घाटात नेल्यास लायनरच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते आणि मग तो ब्रेक कितीही दाबला तरी सुस्त राहतो. अशी चकाकी आलीच तर खरखरीत पॉलिश पेपरने लायनर आणि ड्रम दोन्ही आडवे घासून घ्यावेत.

दोनशे किलोमीटरनंतर एकदा ड्रम काढून पाहावा. हे काम पहिल्यासारखे कष्टाचे नसते, कारण ड्रम चिकटवणारा गंज आता सुटला आहे आणि ती दोन आट्यांची भोके साफ आहेत. सिलिंडरच्या बुटाखाली ओल आहे का, लायनरवरचा चाटल्याचा पट्टा रुंदावला आहे का, आणि बॅकप्लेटमागची रबरी बुचे जागेवर आहेत का, एवढेच पाहायचे. बूच नसेल तर ते लगेच आणून लावावे. त्या बोटभर भोकातून एका पावसाळ्यात मूठभर चिखल ड्रममध्ये जातो. ओढा किंवा समुद्रकिनाऱ्यावरचे खारे पाणी पार केल्यावर पुढचे शंभर-दोनशे मीटर पेडल हलके दाबून गाडी चालवावी, म्हणजे शू कोरडे होतात, आणि घरी आल्यावर नळी लावून गोड्या पाण्याने चाकांच्या आतली बाजू धुऊन काढावी.